रिअल-टाइम ऑडिओ प्रोग्रॅमिंगमधील स्मृतिवाटप

रिअल-टाइम ऑडिओ प्रोग्रॅमिंगमधील स्मृतिवाटप हा ध्वनीवर तत्क्षणी प्रक्रिया करणाऱ्या संगणक आज्ञावलींच्या रचनेतील एक मूलभूत विषय आहे. ध्वनी वाजत असताना तो क्षणोक्षणी तयार करणाऱ्या किंवा बदलणाऱ्या आज्ञावलीने त्या कामाच्या दरम्यान नवी स्मृती, म्हणजेच मेमरी, मागू नये आणि घेतलेली स्मृती परतही करू नये, असा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. आज्ञावली चालू असताना गरजेनुसार स्मृती मागून घेण्याच्या पद्धतीला गतिक स्मृतिवाटप म्हणतात. सी भाषेतील मॅलॉक व फ्री ही फंक्शने आणि सी++ मधील न्यू व डिलीट ही तिची परिचित साधने होत.

ही फंक्शने संथ आहेत म्हणून ती टाळली जातात, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. बहुतेक वेळा ती अत्यंत जलद चालतात. अडचण अशी, की ती जास्तीत जास्त किती वेळ घेतील याची हमी मिळत नाही, आणि वाजत असलेल्या ध्वनीच्या बाबतीत सरासरी वेळेला फारसा अर्थ नसतो.

वेळेचे गणित

अंकीय ध्वनी हा ठरावीक कालांतराने घेतलेल्या नमुन्यांचा प्रवाह असतो. ध्वनिमुद्रणात ४४,१०० किंवा ४८,००० नमुने प्रतिसेकंद हे दर सर्वाधिक प्रचलित आहेत. ध्वनियंत्रणा हे नमुने एकेक न मागता गटाने मागते. या गटाला बफर म्हणतात. प्रत्येक बफर भरण्यासाठी यंत्रणा आज्ञावलीतील एक ठरावीक फंक्शन बोलावते. त्याला ऑडिओ कॉलबॅक असे नाव आहे. कॉलबॅक ज्या थ्रेडवर, म्हणजे अंमलबजावणीच्या ज्या स्वतंत्र धाग्यावर चालतो, त्याला सामान्यतः संगणकातील इतर बहुतेक कामांपेक्षा वरचा अग्रक्रम दिलेला असतो.

४८,००० च्या दराने ६४ नमुन्यांचा बफर घेतल्यास प्रत्येक कॉलबॅकला सुमारे १.३३ मिलिसेकंद मिळतात. २५६ नमुन्यांच्या बफरला ५.३३ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत बफर भरला नाही, तर ध्वनियंत्रणेकडे वाजवायला काही उरत नाही. ती शांतता तरी वाजवते किंवा जुनाच बफर पुन्हा वाजवते. दोन्ही वेळी ध्वनितरंग मध्येच तुटतो आणि कानाला ‘टक्’ असा खटका ऐकू येतो. चित्रपटातील एखादी चौकट गळली तर ती डोळ्यांना सहसा कळत नाही. कान मात्र एवढा उदार नाही.

६४ नमुन्यांच्या बफरचा कॉलबॅक सेकंदाला ७५० वेळा, म्हणजे तासाला २७ लाख वेळा चालतो. त्यातील एक लाखापैकी ९९,९९९ कॉलबॅक वेळेत पूर्ण झाले, तरी तासाभराच्या मैफलीत २७ खटके ऐकू येतील. इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असे प्रमाण उत्कृष्ट मानले गेले असते. म्हणूनच ध्वनीची आज्ञावली लिहिताना ‘साधारणपणे किती वेळ लागतो’ या प्रश्नाऐवजी ‘सर्वांत वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल’ हा प्रश्न विचारावा लागतो. बफर मोठा केल्यास सवड वाढते खरी, पण ध्वनीला होणारा विलंबही वाढतो. स्वतःचा आवाज कानातील यंत्रातून ऐकत गाणाऱ्याला तो विलंब जाचक ठरतो.

मॅलॉकच्या आत

मॅलॉकच्या साध्या दिसणाऱ्या कॉलमागे बरीच हालचाल असते. ज्या भांडारातून स्मृती दिली जाते त्याला हीप म्हणतात. लिनक्सवरील ग्नू सी लायब्ररीतील वाटपकर्ता हा वोल्फ्राम ग्लोगर यांच्या पीटीमॅलॉकवर आधारलेला आहे आणि त्याचे मूळ डग ली यांनी १९८७ पासून विकसित केलेल्या वाटपकर्त्यात आहे. परत आलेले तुकडे तो आकारानुसार वेगवेगळ्या याद्यांमध्ये ठेवतो. मागितलेल्या आकाराचा तुकडा हाताशी असल्यास काम क्षणात होते. नसल्यास मोठा तुकडा फोडावा लागतो, शेजारचे मोकळे तुकडे जोडावे लागतात, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे हात पसरावा लागतो. मोठ्या मागण्या तर थेट कर्नलकडेच जातात. त्यासाठीची सुरुवातीची सीमा १२८ किलोबाइट असते.

कर्नलने होकार दिला म्हणजे स्मृती प्रत्यक्ष मिळाली असेही नाही. लिनक्समध्ये सामान्यतः आधी केवळ पत्त्यांचा पट्टा नेमून दिला जातो. आज्ञावली त्या पट्ट्यातील एखाद्या पानाला प्रथम स्पर्श करते तेव्हा पेज फॉल्ट ही घटना घडते, आणि मग कर्नल खरे पान शोधून, ते शून्यांनी भरून जोडून देतो. एका मिनिटाच्या द्विमार्गी, म्हणजे स्टिरिओ, ध्वनिमुद्रणाला ४८,००० च्या दराने आणि प्रत्येक नमुन्याला ४ बाइट धरून २,३०,४०,००० बाइट लागतात; ४,०९६ बाइटच्या पानांत मोजल्यास ही ५,६२५ पाने होतात. मॅलॉकचा कॉल लवकर परतला असला, तरी त्याचे खरे मोल नंतर पानापानाने चुकते करावे लागते.

स्मृती परत करणे हे मागण्याइतकेच अनिश्चित आहे, ही गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात उशिरा येते. फ्री या फंक्शनला शेजारचे तुकडे जोडणे, हीपचे टोक आखूड करणे किंवा मोठा पट्टा कर्नलला परत देणे, यांपैकी काहीही करावे लागू शकते.

कुलूप आणि अग्रक्रम-विपर्यास

हीप हा आज्ञावलीतील सर्व थ्रेडना सामाईक असतो. दोन थ्रेडनी एकाच वेळी त्याच्या याद्यांत फेरफार करू नये म्हणून वाटपकर्ता म्युटेक्स नावाचे कुलूप वापरतो. ग्नू सी लायब्ररीच्या २०१७ मधील २.२६ या आवृत्तीपासून प्रत्येक थ्रेडला लहान तुकड्यांचा स्वतःचा साठा मिळाला आणि कुलपाची गरज पुष्कळ कमी झाली. पण तो साठा संपला की पुन्हा सामाईक हीपच आणि पुन्हा कुलूपच.

येथे अग्रक्रम-विपर्यासाचा धोका उद्भवतो. समजा, पडद्यावरील चित्र रंगवणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या थ्रेडने हीपचे कुलूप लावले आहे आणि तेवढ्यात मध्यम अग्रक्रमाच्या दुसऱ्या एका कामाने प्रोसेसर बळकावला. ध्वनीचा थ्रेड कुलूप उघडण्याची वाट पाहतो. कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला प्रोसेसर मिळत नाही. आणि परिणामी सर्वोच्च अग्रक्रमाचे काम मध्यम अग्रक्रमाच्या कामामागे तिष्ठत राहते. या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण ध्वनीशी संबंधित नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार स्वतःहून पुन्हा सुरू होत होता. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या कामाने धरून ठेवलेले म्युटेक्स हे त्याचे कारण निघाले. त्या म्युटेक्सला अग्रक्रम-वारशाची सोय पृथ्वीवरून चालू करून दिल्यावर बिघाड थांबला. सामान्य संगणकावरील वाटपकर्त्याच्या कुलपांना अशी सोय असेलच असे धरून चालता येत नाही.

तानपुऱ्याचे उदाहरण

संगणकावरील तानपुरा हे या विषयाचे एक सुबोध उदाहरण आहे. केव्हिन कार्प्लस व ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने छेडलेल्या तारेचा नाद अगदी थोड्या गणिताने निर्माण करता येतो. त्यात नमुन्यांची एक वर्तुळाकार रांग असते. रांगेतून बाहेर पडणारा नमुना किंचित मवाळ करून पुन्हा रांगेत घातला जातो. रांगेची लांबी म्हणजे नमुनादर भागिले तारेची कंप्रता. गायकाचा षड्ज काळी एक, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ असल्यास ४८,००० च्या दराने जोडीच्या प्रत्येक तारेला सुमारे ३४६ नमुन्यांची रांग लागते; मंद्र पंचमाच्या तारेला सुमारे ४६२ आणि खर्जाच्या तारेला सुमारे ६९३.

आता गायकाने स्वर बदलला, किंवा तार किंचित उतरवली, तर रांगेची लांबी बदलावी लागते. सरळ विचाराने लिहिलेली आज्ञावली जुनी रांग मोडून नव्या लांबीची रांग मागते. स्वर जुळवण्याची कळ फिरत असताना सेकंदाला अनेकदा असे घडते, आणि चाचणीत निर्दोष ठरलेला तानपुरा मैफलीच्या आरंभीच, नेमका स्वर लावताना, खटके देऊ लागतो.

उपाय असा, की वाद्य सुरू होण्यापूर्वीच सर्वांत खालच्या संभाव्य स्वराला पुरेल एवढी रांग घेऊन ठेवायची. ४० हर्ट्झपर्यंत उतरायचे ठरवल्यास १,२०० नमुने पुरतात. सोयीसाठी २ चा घात असलेली २,०४८ ही लांबी घेतली, तर चार तारांना मिळून ३२ किलोबाइट स्मृती लागते. आजच्या साध्या मोबाइल फोनच्या दृष्टीनेही ही नगण्य आहे. यानंतर स्वर बदलला तरी रांग तीच राहते. ती किती अंतर मागे वाचायची एवढेच बदलते. लांबीतील अपूर्णांक भाग शेजारच्या नमुन्यांच्या अंतर्वेशनाने साधला जातो. तो सोडून दिल्यास स्वर सूक्ष्म प्रमाणात चुकतो आणि जोडीच्या तारा जुळवणाऱ्या कानाला ते खटकते.

खऱ्या तानपुऱ्याचा नाद एवढ्याने साधत नाही. घोडीच्या वक्र पृष्ठभागावर तार पुनःपुन्हा टेकून उठते आणि त्यातून जवारीचा झंकार उमटतो. ज्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील कारागिरांची कीर्ती बरीचशी या जवारीवरच उभी आहे. हा स्पर्श गणिताने मांडून तानपुऱ्याचे रिअल-टाइम संश्लेषणाच्या दृष्टीने केलेले एक प्रतिमान बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये ब्रनो येथील डीएएफएक्स परिषदेत मांडले. अशा प्रतिमानात प्रत्येक नमुन्यामागे कितीतरी अधिक गणित करावे लागते. त्यामुळे वाटपासारख्या अनिश्चित कामांसाठी सवड आणखी कमी उरते.

पूर्वनियोजित साठा

सर्वच गरजा तानपुऱ्याइतक्या स्थिर नसतात. तबल्याचे ध्वनिमुद्रित बोल वाजवणाऱ्या आज्ञावलीत प्रत्येक आघाताबरोबर एक नवा ‘आवाज’ सुरू होतो आणि तो विरेपर्यंत जिवंत राहतो. रेल्यामध्ये सेकंदाला १६ आघात धरले आणि बायाँची घुमक २ सेकंद टिकते असे मानले, तर एका वेळी ३२ आवाज चालू असू शकतात. येथे प्रत्येक आघाताला नवी वस्तू मागण्याऐवजी ३२ किंवा ६४ आवाजांचा साठा आरंभीच तयार ठेवतात. मोकळ्या जागांची एक यादी असते. आघात झाला की यादीतील पहिली जागा घेतली जाते, नाद विरला की ती यादीला परत मिळते. दोन्ही कामांना दर वेळी सारखाच आणि अत्यल्प वेळ लागतो.

साठा संपल्यास काय करायचे, हा प्रश्न मात्र रचनाकाराला आधीच सोडवावा लागतो. नेहमीचा मार्ग म्हणजे सर्वांत जुना किंवा सर्वांत क्षीण आवाज काही मिलिसेकंदांत उतरवून त्याची जागा नव्याला देणे. या पद्धतीचे खरे मोल येथे दिसते: आज्ञावली किती आवाज, किती तारा, किती लांब प्रतिध्वनी हाताळील याची सीमा आरंभीच ठरवावी लागते, आणि ती स्मृती वापरली गेली नाही तरी अडकून पडते. व्यवहारात हा सौदा जवळजवळ नेहमीच परवडतो.

बहुतेक प्लगइन-प्रणालींची रचनाही याला धरूनच आहे. ज्यूस या सी++ चौकटीत वादन सुरू होण्यापूर्वी तयारीचे एक वेगळे फंक्शन बोलावले जाते आणि त्याला नमुनादर व बफरचा अपेक्षित कमाल आकार सांगितला जातो. स्मृती घेण्याची जागा ती. ल्यों येथील ग्रामे संस्थेत विकसित झालेल्या फाउस्ट या भाषेत तर प्रत्येक विलंबाची कमाल मर्यादा संकलनाच्या वेळीच निश्चित होणे आवश्यक असते. ती ठरवता आली नाही तर आज्ञावली संकलितच होत नाही.

थ्रेडमधील देवाणघेवाण

वादन चालू असताना वापरकर्त्याने नवे ध्वनिमुद्रण उघडले, तर तेवढी स्मृती कोठून तरी घ्यावीच लागते. ती दुसरा, कमी अग्रक्रमाचा थ्रेड घेतो. तोच फाइल वाचतो, पानांना स्पर्श करून ती जागी करतो, आणि सर्व सिद्धता झाल्यावर केवळ पत्ता ध्वनीच्या थ्रेडकडे सोपवतो. हे सोपवणे कुलपाविना व्हावे लागते. त्यासाठी एक लेखक व एक वाचक असलेला वर्तुळाकार बफर, किंवा एकाच अविभाज्य क्रियेत पत्त्यांची अदलाबदल, हे मार्ग रूढ आहेत. २०११ च्या सी व सी++ मानकांनी अशा क्रियांना भाषेतच स्थान दिले. त्यापूर्वी त्या प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या लिहाव्या लागत.

उलट दिशेचा प्रवास अधिक वेळा विसरला जातो. जुने ध्वनिमुद्रण आता नको असले, तरी ध्वनीच्या थ्रेडने ते स्वतः नष्ट करायचे नसते. दुसऱ्या एका रांगेतून ते परत पाठवायचे आणि विल्हेवाट दुसऱ्या थ्रेडवर सोडायची. सी++ मधील शेअर्ड पॉइंटर येथे फसवा ठरतो. वस्तूचा शेवटचा धारक ज्या थ्रेडमध्ये संपतो त्याच थ्रेडमध्ये ती वस्तू नष्ट होते, आणि शेवटचा धारक कोण ठरेल हे वेळेच्या योगायोगावर अवलंबून असते. असा दोष महिनोन्‌महिने दडून राहू शकतो.

लपलेले वाटप

मॅलॉक हा शब्द आज्ञावलीत कोठेही न लिहिता वाटप होऊ शकते. व्हेक्टरमध्ये नवा घटक ढकलताना त्याची क्षमता संपलेली असल्यास तो नवी जागा मागून सर्व घटक हलवतो; लांब स्ट्रिंग जोडणे, मॅपमध्ये नोंद करणे, मोठा संदर्भ धरून ठेवणारे फंक्शन-ऑब्जेक्ट तयार करणे, अपवाद फेकणे, या सर्वांत हीपला हात लागू शकतो. दोष शोधण्यासाठी कॉलबॅकमध्ये घातलेली छपाईची एखादी ओळच कधीकधी नवा दोष निर्माण करते.

कचरासंकलन करणाऱ्या भाषांत प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. ब्राउझरमधील ऑडिओवर्कलेट १२८ नमुन्यांच्या गटाने काम करते. त्यातील जावास्क्रिप्टने प्रत्येक गटाला नवी वस्तू निर्माण केल्यास केव्हातरी कचरासंकलक जागा होऊन थ्रेड थांबवतो; म्हणून तेथेही वस्तू एकदाच निर्माण करून पुनःपुन्हा वापरण्याचा सल्ला दिला जातो.

विशेष वाटपकर्ते

काही आज्ञावलींना वादनाच्या वेळी खरोखरच अनिश्चित आकाराची स्मृती लागते. जेम्स मॅककार्टनी यांच्या सुपरकोलायडर या संगीतरचना-प्रणालीत कलाकार मैफल चालू असतानाच नवी वाद्ये निर्माण करतो. तिचा ध्वनी-सर्व्हर आरंभीच कर्नलकडून एक मोठा खंड घेतो, मूलतः ८,१९२ किलोबाइटचा, आणि पुढचे रिअल-टाइम वाटप त्या खंडातून स्वतःच करतो. खंड संपल्यास सर्व्हर वाटप अयशस्वी झाल्याचा संदेश देतो, पण कर्नलकडे जात नाही.

व्हॅलेन्सिया येथील पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेला टीएलएसएफ हा वाटपकर्ता याच गरजेतून आला. मोकळ्या तुकड्यांची दोन पातळ्यांवर विभागणी आणि बिट-नकाशे यांच्या साहाय्याने तो मागणे व परत करणे या दोन्ही क्रिया स्थिर कालमर्यादेत पार पाडतो. सरासरीत तो सामान्य वाटपकर्त्यापेक्षा सरस असेलच असे नाही. त्याचे वैशिष्ट्य हमीत आहे. घेतलेली पाने कर्नलने डिस्कवर हलवू नयेत यासाठी ती स्मृतीत जखडून ठेवण्याची सोय पॉझिक्स प्रणालींत आहे, आणि ध्वनीच्या सर्व्हरांमध्ये ती वापरली जाते.

लिखित नियम

लिनक्सवरील लाडस्पा या प्लगइन-मानकात प्लगइनला ‘कठोर रिअल-टाइम क्षम’ असे स्वतःला घोषित करता येते. त्याची पहिलीच अट अशी, की चालवण्याच्या फंक्शनमध्ये मॅलॉक, फ्री किंवा हीपचे अन्य व्यवस्थापन असू नये. जॅक या ध्वनी-सर्व्हरच्या दस्तऐवजातही कॉलबॅकमध्ये वर्ज्य असलेल्या फंक्शनांत मॅलॉक व फ्री यांचा उल्लेख आरंभीच येतो. ऑस्ट्रेलियातील प्रोग्रॅमर रॉस बेन्सिना यांच्या २०११ मधील लेखाने हे नियम व त्यांमागची कारणे एकत्र मांडली. ध्वनीबाहेरही असेच नियम आहेत: मोटार-उद्योगातून आलेल्या मिस्रा सी या संकेतावलीच्या २००४ च्या आवृत्तीने हीपचा वापर निषिद्ध ठरवला, तर नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या दहा नियमांपैकी एक नियम आरंभीच्या तयारीनंतर गतिक वाटप करू नये असा आहे.

नियमाची व्याप्ती मात्र तारतम्याने ठरते. ध्वनिमुद्रण फाइलमध्ये उतरवून घेताना मुदतच नसल्याने वाटपाला काही अडकाठी नसते. मिलर पकेट यांच्या प्युअर डेटा या लोकप्रिय प्रणालीत तर संदेश व ध्वनी एकाच थ्रेडवर चालतात. वादन चालू असताना मोठी रचना उघडल्यास ध्वनी तुटू शकतो, आणि अनुभवी वापरकर्ते सर्व काही आधीच उघडून ठेवतात. मोठ्या बफरवर चालणाऱ्या साध्या वादक आज्ञावलीत एखादे लहान वाटप वर्षानुवर्षे कोणाच्या कानावर येणारही नाही. तीच आज्ञावली लहान बफरसह, इतर कामांनी भरलेल्या संगणकावर चालवली की चित्र बदलते.

तपासणी

या प्रकारचे दोष चाचणीत सहजी सापडत नाहीत, कारण विकासकाच्या वेगवान संगणकावर मॅलॉक बहुधा वेळेतच परततो. म्हणून खटक्याची वाट न पाहता वाटपाचाच शोध घेतला जातो. जुनी युक्ती अशी, की चाचणीच्या आवृत्तीत मॅलॉक व न्यू यांच्या जागी स्वतःची फंक्शने बसवायची आणि ती ध्वनीच्या थ्रेडमधून बोलावली गेल्यास आज्ञावली तत्काळ थांबवायची. २०२५ मध्ये आलेल्या क्लँग संकलकाच्या २० व्या आवृत्तीत हेच काम करणारे रिअल-टाइम सॅनिटायझर हे साधन समाविष्ट झाले. फंक्शनवर ‘न थांबणारे’ अशी खूण केली, की त्याच्या आत कितीही खोलवर झालेले स्मृतिवाटप, कुलूप किंवा थांबवू शकणारा अन्य ज्ञात कॉल ते पकडते आणि तेथपर्यंतच्या कॉलची साखळी दाखवते. मात्र चाचणीच्या वेळी जो मार्ग प्रत्यक्ष चालला, तेवढाच ते तपासू शकते. त्याच्या जोडीला क्लँगमध्ये संकलनाच्या वेळी इशारा देणारी वेगळी तपासणीही आहे. ती न चाललेले मार्गही पाहते, पण त्यासाठी बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनांवरही तशीच खूण असावी लागते किंवा त्यांची व्याख्या संकलकाला दिसावी लागते.